चार वर्षांचं आवतण

पोळ्याला काय करतोस, असं केवलरामला कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "डबल ड्यूटी." असा माणूस भिलाईच्या स्टील प्लांटात सगळ्यांनाच हवा असतो. शेजारच्या क्वार्टरातला बाबुलाल तर मागचे तीनही पोळे त्याच्या जिवावर घरी पुरणपोळ्या हाणत बसला होता. सेकंड शिफ्ट बाबुलालची, राबायला केवलराम.

यामागचं कारण फक्त त्याच्या बायकोला, भागीरथाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी तुमसरजवळच्या गावात, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी केवलरामनं बैलजोडीचे खांदे तूप-हळदीनं चोळले आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माणसाला दिलेला शब्द एक वेळ फिरवता येतो, बैलाला दिलेलं आवतण नाही. पण भिलाईच्या नोकरीवर हजर व्हायची तारीख डोक्यावर होती आणि जोडीचं गिऱ्हाईक पोळ्याच्या सकाळीच दारात उभं राहिलं. दुपारपर्यंत थांबायला ते तयार नव्हतं. चुलीवर पुरण शिजत होतं, आणि हरण्या-चांद्या उपाशीच गेले. जाताना चांद्यानं वळून पाहिलं म्हणतात. केवलरामला ते माहीत नाही, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पोरांच्या कानी यातलं काहीच नव्हतं. बारा वर्षांच्या जयाला एवढंच आठवायचं, की गावी बाबा पोळ्याला बैलांपुढे मोठ्या आवाजात झडत्यांची गाणी म्हणायचे, आणि इथे त्यांचं तोंडच बंद असतं. गावाची आठवण येत असेल, असा तिनं सरळ हिशेब केला. पोरीचा हिशेब चुकला, पण वाईट चुकला असं मी म्हणणार नाही.

म्हणून यंदा, पोळ्याच्या आदल्या दिवशी केवलराम सकाळची ड्यूटी करून घरी आला, तर जया आणि धाकटा तेजराम दारातच.

"बाबा, आँखें बंद करा!" तेजराम ओरडला.

डोळे उघडले तर पाटावर दुर्गच्या बाजारातले चाकांचे मातीचे बैल. एकाला गेरूचा रंग दिलेला, दुसऱ्याच्या कपाळावर चुन्याचा चांद.

"तुमचा पोळा आनला आमी," जया म्हणाली. "हा हरण्या, हा चांद्या."

केवलरामचा चेहरा काळाठिक्कर पडला. "कोनं सांगतलं होतं तुमाले हे?" तो खेकसला. तेजराम आईमागे लपला. जयाचे डोळे भरले, तरी ती पाटापासून हलली नाही.

भागीरथा तेवढंच म्हणाली, "पोट्टी दोन दिवसांपासून रंगवून राहिली."

केवलराम धुसफुसत मोरीकडे निघाला आणि दोन पावलांवर थांबला. त्याला ते बघवेना. तो परत आला, खाली बसला, आणि बैलांची जागा बदलली.

"चांद्या डावीकडं जुपत होतो," तो म्हणाला. "उजवीकडं चालतच नव्हता तो."

बैल हातात आला तसा अंगठा आपोआप खांद्यावर गेला. तिथे जुवाचा घट्टा नव्हता, नुसती गुळगुळीत माती. त्याला रडू आलं, आणि पोरांसमोर आलं याची लाजही वाटली नाही.

"माय, तूप आन," जया हळूच म्हणाली. पण भागीरथा केव्हाच तूप-हळदीची वाटी घेऊन उभी होती.

केवलरामनं दोघांचे खांदे चोळले, अगदी जपून, ओल्या गेरूला धक्का न लावता. मग घसा खाकरला.

"आज आवतन घ्या," तो म्हणाला, "उद्या जेवाले या."

एवढ्यात बाबुलाल दारात आला. त्याला खात्री हवी होती. "काहो, उद्या माही सेकंड शिफ्ट तुमीच करून राहिले ना?"

"नाही."

"कावून? दरसाल तर करता!"

"उद्या घरी जेवाले येनार हायेत."

"कोन?"

केवलरामनं हळदीचा हात ड्यूटीच्या पँटीला पुसला.

"घरचेच हायेत," तो म्हणाला. "चार वर्सांपासून उपाशी हायेत."