वाकायचं नाही

छबूबाई वाकत नाही, हे वस्तीवर सगळ्यांना माहीत झालं होतं. झाडू तिने लांब दांड्याचा आणवला. खाली पडलेला चमचा ती पायाने भिंतीकडेला सरकवून ठेवायची. कंबर चांगली धडधाकट होती, कारण वेगळंच होतं.

मागच्या हिवाळ्यात कोपरगावजवळच्या शेतात ती आणि नणंद केशरबाई उसाच्या कडेला खुरपत होत्या. उसातून बिबट्या आला आणि त्याने केशरबाईची मान धरली. पुढे वनखात्याची माणसं सांगून गेली, की उसाजवळ वाकू नका, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. बाकीच्यांनी ते शेतापुरतं ऐकलं. छबूबाईने ते घरातही आणलं.

केशरबाई बरी झाली, मानेवर व्रण घेऊन पुन्हा खुरपायला लागली. गप्पा तर तिने दवाखान्यातच सुरू केल्या होत्या. जिला धरलं ती मोकळी आणि जिने पाहिलं ती अडकलेली, आहे की नाही कमाल! नवरा सहादेव छबूबाईला तालुक्याला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो दिवस मागे पडलाय हे यांच्या मेंदूला अजून पटलेलंच नाही; तो आधी घाबरतो आणि मग बघतो. शिवाय त्या दिवसातलं काही आठवणीत पक्कं बसलंय, काही बसलंच नाही.

छबूबाईला उसाच्या वाळक्या पाचटाचा वास आठवायचा, केशरबाईचे झाडणारे पाय आठवायचे. स्वतःचा आवाज मात्र कुठेच नव्हता. आपण दातखिळी बसून नुसतं बघत राहिलो, असंच तिने मनाशी धरलं होतं आणि त्याची तिला भयंकर लाज वाटायची. कुणी विषय काढला की ती उठून जायची.

आता प्रश्न नातीचा होता. सून अश्विनी सोमवारपासून कामावर जाणार होती. रांगती दिशा आजीपाशी ठेवायची का, हे कुणी उघड बोलत नव्हतं. चमचा न उचलणारी बाई लेकरू काय उचलणार?

रविवारी अंगणातल्या चुलीवर पाणी तापत होतं. अश्विनी कपडे वाळत घालत होती, केशरबाई दारात शेंगा फोडत बसली होती. दिशा रांगत सुटली ती थेट चुलीकडे. छबूबाई सगळ्यांत जवळ होती. ती अर्धी वाकली आणि चुलीतल्या पाचटाचा वास तिच्या नाकात गेला. हात तिथेच थिजले.

"सोड! सोड तिला!" ती किंचाळली.

पोरगी दचकून जागीच बसली आणि तिने भोकाड पसरलं. केशरबाईने धावत येऊन तिला उचललं. छबूबाई मागे सरकून भिंतीला टेकली. संपलं, आता लेकरू आपल्याकडे ठेवत नाहीत, एवढंच तिला कळत होतं.

केशरबाई तिच्याजवळ आली.

"वैनी, तवाबी तू हेच वरडली हुतीस. आसंच. म्हनून त्यानं मला सोडलं."

"मी?"

"मग कोन? माजी मान तर त्याच्या तोंडात हुती."

छबूबाई त्या व्रणाकडे बघत राहिली. मग पाठ भिंतीला घासत, न वाकता, ती हळूहळू खाली बसली. तिने मांडी घातली आणि हात पुढे केले. केशरबाईने दिशाला तिच्या मांडीवर ठेवलं.

अश्विनीने हे सगळं पाहिलं. सहादेवला सांगून तिने चुलीपुढे खाट आडवी टाकून घेतली आणि सोमवारी ती कामावर गेली. छबूबाई वाकली नाहीच. ती दिवसभर दिशाशेजारी जमिनीवर बसून राहिली.