माझ्या पोटात कोंडलेली हाक

ढोल म्हणा मला, चालेल. चिलीच्या दक्षिणेत, आम्हा मापुचे नावाच्या आदिवासींत, अंगात येणाऱ्या आणि आजार उतरवणाऱ्या बाईला माची म्हणतात, आणि माचीच्या हातात असतो तो मी. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मला खुंटीला टांगून लोक झोपतात कसे, हेच मला कळत नाही!

मी मूळचा लॉरेलच्या झाडाचा ओंडका. वांगुलेन नावाच्या बाईने आपल्या लेकीसाठी मला कोरून घेतलं. लेक कालफुराय, वय सव्वीस. तेमुको शहरात केस कापायचं छोटंसं दुकान चालवायची. तिथेच एक दिवस कात्री हातातून गळाली आणि ती आडवी झाली. मग ताप, अंगावर सूज, स्वप्नात पांढरे घोडे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. वांगुलेन तिला उचलून लिकान आजीकडे घेऊन आली. आजी म्हणजे म्हातारी माची. तिने नाडी धरली आणि सरळ सांगून टाकलं, "हिला बोलावणं आलंय. माची झाली तर जगेल."

"मला नाही व्हायचं," कालफुराय म्हणाली. "माझं दुकान आहे."

तरी तयारी सुरू झाली. आमच्यात रीत अशी, की ढोलाच्या पोटात गहू, खडे, निळी लोकर घालायची, आणि कातडं ओलं असतानाच जी माची होणार तिने आत तोंड घालून चार वेळा ओरडायचं. तिचा आवाज आत गेला की वर कातडं ओढून शिवून टाकायचं. मग तो ढोल तिचा.

त्या सकाळी कालफुरायने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं. लिकान आजी घोड्याच्या केसांची दोरी आणायला घरात गेली. ऊन वाढत होतं, कातडं सुकत होतं.

"ओरड ना गं पोरी, पाया पडते तुझ्या!"

पोरगी तोंड फिरवून बसली. तेव्हा वांगुलेनने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच वाकून माझ्यात चार वेळा ओरडली. फोनवर मायलेकींचा आवाज कुणाला वेगळा ओळखू येत नसे; ढोलाला काय कळतंय, असं तिला वाटलं असणार. मला सगळं कळत होतं! पण शिवलेल्या तोंडाने बोलू कसा? मला गिळवेना, ओकवेना. त्या दिवसापासून माझी जी तगमग सुरू झाली, ती काय सांगू!

दीक्षेच्या दिवशी सगळं गाव जमलं. अंगणात माची होणारीने ढोल वाजवत चढायचा, सात पायऱ्या कोरलेला खांब पुरला होता, त्याला कानेलो या आमच्या पवित्र झाडाच्या हिरव्या फांद्या बांधल्या होत्या. कालफुराय मला वाजवत चढू लागली. मी जीव तोडून वाजलो, पण आवाज निघे तो फुटक्या डब्याचा. चौथ्या पायरीवर तिचे डोळे फिरले आणि ती खाली कोसळली. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर पोळी भाजून निघावी इतका ताप चढला. पोर हातची जाणार, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

लिकान आजीने मला उचललं, कानाशी धरून हलवलं.

"हा गळा कुणाचा गं?"

वांगुलेन रडायलाच लागली. "माझा, आजी. ती ओरडेना. मग मी काय करू? मरू देऊ का तिला?"

"अगं बये! तूच मारायला निघाली होतीस की! परक्याचा आवाज घेऊन ती वर जाणार कशी?"

दुसऱ्या दिवशी आजीने सुरी घेतली आणि माझं कातडं टराटरा फाडलं. खोटं कशाला बोलू, मी भ्यालो. पण वांगुलेनच्या त्या चार हाका बाहेर पडल्या आणि मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

बादलीत नवं कातडं भिजत होतं. कालफुरायला दोघींनी धरून बसवलं. तिने माझ्या कडा दोन्ही हातांनी आवळल्या, वाकली आणि ओरडली, "नको! मला नको! मला माझ्या दुकानात जायचंय! सोडा मला!"

चारही वेळा, छाती फुटेपर्यंत.

"अहो आजी, ती तर नाही म्हणतेय!" वांगुलेनचं तोंड पांढरं पडलं.

"तिचाच आवाज आहे ना? ओढ कातडं, बघत काय बसलीस! माझ्या ढोलात मी देवाला शिव्या घातल्यात."

तिसऱ्या दिवशी कालफुराय मला घेऊन सातही पायऱ्या चढली. उतरली तेव्हा तिचं अंग गार होतं.

याला नऊ वर्षं झाली. माचीने आपला खांब सोडून राहायचं नसतं, त्यामुळे दुकान गेलं ते गेलंच. आता लांबलांबून आजारी माणसं येतात, बरी होतात, तिचे हात डोळ्यांना लावतात. मला वाजवताना ती डोळे मिटते, आणि मी आतून तेच ऐकत राहतो, 'सोडा मला'. मला स्वस्थता नाही ती अशी. लोक मात्र म्हणतात, काय गोड ढोल आहे!

माची गेली की ढोलाचं कातडं फाडून त्याला तिच्याबरोबर पुरतात. माझंही तसंच होईल, त्याचं मला दुःख नाही. फक्त त्या दिवशी तुम्ही जवळपास असलात आणि माझ्यातून ती हाक बाहेर पडली, तर तिला कुणी गप्प करू नका. पोरीला जाऊ द्या.