नऊ खुंट्यांचं बेट

चांद्याहून बेट बघायला व्यापारी मंडळ आलं, ते सुगंधाबाईच्याच डोंग्यातून. माणसं दोनच, पण डोंगा काठोकाठ दबला, कारण अध्यक्ष गेंदालालशेठ एकटेच चौघांच्या वजनाचे. दुसरे चिटणीस भैयाजी. त्यांचा सगळा भार जिभेवर.

वैनगंगेच्या ऐन मधोमध ते बेट. दिवाळीनंतर पाणी उतरू लागलं की सुगंधाबाई तिथल्या वाळूत डांगरं-टरबुजं लावायची. नवरा गेल्यापासून वर्षाचं पोट त्या वेलांवर. आता पौषात वेल हातभर पसरले होते.

"वा! काय रम्य स्थळ!" वेलावर उभे राहून भैयाजी म्हणाले. "चैत्री पौर्णिमेला मंडळाचं संमेलन इथंच. शेठजी फुलांनी सजवलेल्या नावेतून येतील, काठावर बँड वाजेल. हे रान तेवढं उपटून टाकू."

"रान नोहे भाऊ, डांगरवाडी हाये. पाय काढा."

भैयाजींनी पाय काढला आणि दुसऱ्या वेलावर ठेवला. तेवढ्यात त्यांना वाळूत ओळीनं रोवलेल्या नऊ खुंट्या दिसल्या. "अरे, आखणी तयारच आहे की! मांडव याच रेषेत."

सुगंधाबाईला हसू आलं. दर आठवडी बाजाराच्या दिवशी पाणी जिथवर असेल तिथं ती एक खुंटी ठोकायची, आणि मागं मोकळ्या झालेल्या ओल्या वाळूत नवी आळी करायची. पहिली खुंटी वेलांत बुडाली होती, नववी पाण्याला टेकून भिजत होती.

"भाऊ, चैतात इथी पानी नसते," ती म्हणाली.

"वैनगंगा आहे ही, बाई. कुठं जाणार? पत्रिकेचा मजकूरसुद्धा झालाय, 'जललहरींच्या कुशीत'."

मजकूर झाल्यावर नदीनं आटायचं म्हणजे उद्धटपणाच की!

चिटणिसाचा नाद सोडून ती शेठांकडे वळली. ते वाळूत रुतलेला पाय उपसत होते.

"शेठजी, तुमीच मोजा. दोन खुंट्यांमंधी एक बाजार. तो तीर अजून सातेक खुंट्या दूर. अन् चैत पुनवेले बाजार किती राह्यले?"

शेठ धानाचे व्यापारी. भाषणातलं त्यांना फारसं कळत नसे, मोजमाप कळे. त्यांनी बोटांवर मोजलं. "तेरा."

"मंग नाव कुठी चालवान? तापल्या वाळूतून या लागन पायीच, गळ्यात हार घालून."

शेठांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. पोटामुळे दिसले नाहीत, पण काळजी वाटली. "भैयाजी, दुसरी जगा पाहा."

डोंगा परत तीराला लागेपर्यंत भैयाजींनी वहीत लिहूनही टाकलं, की चिटणिसांच्या चौकस नजरेनं स्थळातला दोष वेळीच हेरला.

संमेलन तलावाकाठी ठरलं. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दुपारी भैयाजी पाहुण्यांसाठी टरबुजं मागायला आले. नदीच्या कोरड्या पात्रातून. जोड्यांत वाळू शिरली म्हणून जोडे हातात, आणि तळवे भाजताहेत म्हणून एक पाय कायम हवेत.

सुगंधाबाईनं खोपटातून बघितलं. "काऊन भाऊ, पायी आले? सजवलेली नाव नाई भेटली का?"

भैयाजींनी हवेतला पाय बदलला. तळवे लालबुंद झाले होते. ती उठली, थंडगार टरबूज फोडलं, गर त्यांच्या हातात दिला आणि दोन्ही साली त्यांच्या पायांपुढे ओली बाजू वर करून मांडल्या.

"ठेवा यावर पाय. गार वाटन," ती म्हणाली. "आता वेलावर नोका ठेवू."