पीकपाहणीतलं नाव

कॅनडातल्या जॉर्जटाउनच्या शेतकरी महासंघाच्या ऑफिसात पॉलिन तुस्कानोला नोकरी मिळाली ती तिचं टायपिंग चांगलं म्हणून. शेतीतलं काही कळतं का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही. ब्रॅम्पटनच्या घरातून निघायचं, वेअरहाउसच्या लांबच लांब भिंती मागे टाकायच्या, की पंचवीस मिनिटांत ऑफिस. त्यातली शेवटची दहा मिनिटं दोन्ही बाजूंना मक्याची शेतं लागत. तेवढ्या वाटेवर ती रेडिओ बंद करी. वसईला तिच्या घरी मका कधी कुणी लावला नव्हता, पण ओळीने उभं असलेलं हिरवं पीक दिसलं की तिला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

२००९चा ऑक्टोबर महिना होता. हायवे पश्चिमेकडे वाढवणार, अशी कुणकुण त्या भागात पसरली होती. हायवे आला म्हणजे जमिनी ताब्यात घेणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. महासंघाचे अध्यक्ष गॉर्डन मॅक्लूर यांनी ठरवलं, की नोव्हेंबरच्या प्रांतिक अधिवेशनात आपल्या जिल्ह्याने भूसंपादनावर पक्की भूमिका मांडायची. गॉर्डन चार पिढ्यांचे शेतकरी. उंच, लाल चेहऱ्याचे, बोलायला कडक पण मनाने सरळ. त्यांनी पिवळ्या कागदावर हाताने लिहिलेला मसुदा पॉलिनपुढे ठेवला.

"जरा नीट लिहून काढा," ते म्हणाले. "आणि महासंघाच्या जुन्या धोरणपुस्तकातली कलमं वर जोडा."

पॉलिन टाइप करू लागली. शेतजमीन अगदी नाइलाज असेल तरच घ्यावी. मालकाला पूर्ण मोबदला द्यावा. घेतलेली जमीन वापरली नाही तर ती आधी मालकाला परत देऊ करावी. मुद्दे चांगले होते. मग जुन्या पुस्तकातलं कलम आलं: 'सक्तीने जमीन काढून घेऊन ती इतरांत वाटण्याच्या कोणत्याही धोरणाला महासंघाचा विरोध आहे.'

इथे तिची बोटं थांबली. तिच्या बाबांची वाडी त्यांना मिळाली होती ती अशाच धोरणातून.

बाबांचं नाव इनास. समुद्राच्या अंगाला, गावाच्या कडेला ती वाडी. केळी, पानवेली, आणि मधल्या पाटाच्या काठाने सोनचाफ्याची सात झाडं. उन्हाळ्यातही बावखलाला, म्हणजे वाडीतल्या तळ्याला, पाणी असायचं. पहाटे रहाट सुरू झाला की त्याच्या कुरकुरीने घर जागं व्हायचं. पॉलिन आणि तिची आई पानं खुडून टोपलीत लावायच्या. ओल्या केळीच्या सोपटाचा वास हाताला दिवसभर राहायचा, आणि शाळेत शेजारी बसणाऱ्या मुली नाक मुरडायच्या. जमीन मात्र बोरिवलीला राहणाऱ्या एका जमीनदाराची. बाबा त्यांचं कूळ. तोंडी बोली, कागद नाही.

कूळ कायदा आला तेव्हा पॉलिन सहा वर्षांची होती. चौकशीला मामलेदार वाडीत आले तेव्हा नऊ वर्षांची. फणसाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. जमीनदाराचा कारकून म्हणाला, "हा इनास आमचा गडी. रोजावर राबतो. कूळबीळ काही नाही." बाबांकडे दाखवायला खंडाची पावती नव्हती. ते नुसते हात जोडून उभे होते. मामलेदारांनी तलाठ्याला दप्तर उघडायला लावलं. दरवर्षी तलाठी शेतावर फिरून कोण कसतंय, काय पिकतंय हे लिहून ठेवायचा, ती पीकपाहणी. मामलेदारांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "इनास पेद्रू तुस्कानो. केळी, पानवेल." पुढच्या वर्षाचं वाचलं. त्याच्या पुढच्या वर्षाचं वाचलं. सगळीकडे तेच नाव. आईने पदराने डोळे पुसले आणि आलेल्या प्रत्येकाला, कारकुनालासुद्धा, केळ्याची एकेक फणी दिली. आपल्या बाबांचं पूर्ण नाव परक्या माणसाच्या तोंडून पॉलिनने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"पॉलिन, झालं का?" गॉर्डननी आतून विचारलं.

"होतंय," ती म्हणाली, आणि ते कलम तिने टाइप केलं.

घरी गेल्यावर नवऱ्याला, व्हिन्सेंटला, तिने हे सांगितलं. तो मिसिसागाहून शिफ्ट संपवून आला होता आणि जेवण गरम करत होता.

"तू टायपिस्ट आहेस ना?" तो म्हणाला. "त्यांची पॉलिसी आहे, त्यांना करू दे. उगाच इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस."

"अरे, त्या अख्ख्या कागदात मालक, मालक, मालक. इथे निम्म्याहून जास्त जमीन डेव्हलपरांनी घेऊन ठेवलीय. कसतो दुसराच माणूस, वर्षाच्या बोलीवर. त्याचं नाव कुठेच नाही."

"मग? तुला काय करायचंय?"

पॉलिनने ताटं मांडायला घेतली. तिला लखमा आठवला होता, आणि लखमाबद्दल ती व्हिन्सेंटशीही कधी बोलली नव्हती.

बोर्डाची मीटिंग गुरुवारी दुपारी भरली. सोळा जण होते. पॉलिनचं काम मिनिट्स लिहायचं आणि मसुदा वाचून दाखवायचं. तिने तो शेवटपर्यंत वाचला. माना हलल्या. मागच्या खुर्चीवर डर्क होकस्ट्रा बसला होता, अडुसष्ट वर्षांचा, डच घराण्यातला. त्याच्या वडिलांची शेती १९७२ साली टोरंटोच्या पूर्वेला विमानतळासाठी गेली, आणि विमानतळ काही झाला नाही. तेव्हापासून डर्क इकडे दुसऱ्यांची शेतं भाड्याने कसत होता. सदतीस वर्षं.

"मला एक विचारायचंय," डर्क म्हणाला. "माझं काय?"

"तुझं काय म्हणजे?" गॉर्डननी विचारलं.

"मी कसतो ती पाचही शेतं डेव्हलपरांची आहेत. रस्ता आला तर ते पैसे घेतील आणि हसतील. मी मातीत चुना घातला, ड्रेनेजचे पाइप बसवले. माझ्याकडे साधा कागद नाही. दर वसंतात हात मिळवतो, झालं."

"तो तुझा आणि मालकाचा प्रश्न, डर्क. आपण मालकी हक्काबद्दल बोलतोय. त्यात कसणाऱ्यांना घुसवलं की उद्या ते जमिनीवरच हक्क सांगतील. लँड रिफॉर्म म्हणतात त्याला. तो आपल्याला नको."

मतदानाला घेऊ या, असं गॉर्डन म्हणणार, इतक्यात पॉलिनने पेन खाली ठेवलं.

"मी मेंबर नाही," ती म्हणाली. "पण परवानगी असेल तर एक सांगू का?"

गॉर्डननी आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत ही बाई मीटिंगमध्ये बोलली नव्हती. "सांगा," ते म्हणाले.

मग तिने बाबांचं सांगितलं. फणसाखालच्या खुर्च्या, तलाठ्याचं दप्तर, मोठ्याने वाचलेलं नाव. गॉर्डन ओठ आवळून ऐकत होते.

"म्हणजे तुमच्या वडिलांना दुसऱ्याची जमीन मिळाली," ते म्हणाले. "मी ज्याला भितो ते नेमकं हेच."

"हो, मिळाली," पॉलिन म्हणाली. "पण गोष्ट तिथे संपत नाही. बाबा मालक झाले आणि तुमच्यासारखेच भिऊ लागले."

बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी अर्धी वाडी लखमाला कसायला दिली होती. लखमा वारली जमातीचा, पलीकडच्या पाड्यावरचा. बारा वर्षं त्याने आणि त्याच्या बायकोने ती वाडी राखली. पानवेली बाबांपेक्षा चांगल्या चढवल्या. पॉलिन मुंबईहून रविवारी घरी आली की लखमा तिच्यासाठी चाफ्याची फुलं पानात बांधून ठेवायचा. तलाठी पीकपाहणीला आला की बाबा दर वेळी पुढे होऊन सांगायचे, "कसतो मीच. लिही, 'स्वतः'." लखमाचं नाव एकदा कागदावर चढलं तर आपण जसं जमीनदाराकडून घेतलं तसं तो आपल्याकडून घेईल, ही त्यांची धास्ती. १९८६ साली रस्त्यासाठी वाडीचा तोच भाग गेला. नोटीस बाबांना आली, मोबदला बाबांना मिळाला. लखमाच्या पानवेली बुलडोझरखाली गेल्या, तेव्हा तो कुंपणाबाहेर उभा होता. सरकारी साहेबाने विचारलं, "हा कोण?" बाबा म्हणाले, "गडी."

"मी तिथे होते," पॉलिन म्हणाली. "तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते, लहान नव्हते. मी बोलू शकले असते. आमच्यासाठी एका माणसाने दप्तर उघडून नाव वाचलं होतं. लखमासाठी वाचायला दप्तरात नावच नव्हतं, कारण आम्ही ते चढू दिलं नाही."

मग ती गॉर्डनना म्हणाली, "मी जमीन द्या म्हणत नाही. नाव तरी लिहा."

डर्क उठला. "मी दुरुस्ती मांडतो," तो म्हणाला. "जो कसतो त्याचं नाव, शेत आणि पीक यांची दरवर्षी नोंद व्हावी. त्यावर मालकाची सही असावी, आणि या नोंदीने मालकी बदलत नाही असं खाली लिहावं. जमीन घेतली गेली तर उभ्या पिकाचा, बसवलेल्या पाइपांचा आणि बुडालेल्या हंगामाचा मोबदला कसणाऱ्याला मिळावा." हात वर झाले. नऊ बाजूने, सात विरुद्ध. गॉर्डननी विरुद्ध मत दिलं. पण निकाल त्यांनीच स्वच्छ शब्दांत जाहीर केला आणि पॉलिनला म्हणाले, "आता लिहा."

नोव्हेंबरमध्ये प्रांतिक अधिवेशन झालं. मालकांची कलमं टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. डर्कची दुरुस्ती मात्र 'अधिक अभ्यासासाठी' समितीकडे गेली. समितीकडे गेलेल्या गोष्टी कशा परत येतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ख्रिसमसला पॉलिनने भावाला, फ्रँकलिनला, वसईला फोन केला. उरलेली अर्धी वाडी तो बघत होता. शुभेच्छा झाल्या, नातेवाइकांची चौकशी झाली, मग ती म्हणाली, "फ्रँकलिन, लखमा आहे का रे?"

"लखमा? तो जाऊन चार वर्षं झाली, बाय. त्याचा मुलगा येतो आपल्याकडे. बावखलाच्या बाजूला भाजी लावतो."

"त्याचं नाव लावलंस का सातबाऱ्यावर? पीकपाहणीत?"

मग फ्रँकलिन म्हणाला, "तू तिकडे बसून सांगतेस. इथे जमिनीला काय दिवस आलेत तुला माहीत आहे? बाबांनी लावलं नाही, मी कसं लावू?"

"बाबांचं कुणीतरी लावलं होतं म्हणून आपण उभे राहिलो."

"पुरे, बाय. सणासुदीला नको." त्याने फोन बायकोकडे दिला.

पॉलिनची मुलगी बियांका दारातून ऐकत होती. "Mom, are you crying?" तिने विचारलं. पॉलिनने नाही म्हणून मान हलवली. रागावण्याचा आपल्याला हक्क नाही, हे तिला कळत होतं. खिडकीबाहेर शेजारी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होता. आता वसईत चर्चवर चांदण्या लागल्या असतील, घराघरांत करंज्या झाल्या असतील, आणि बावखलावरून गार वारा येत असेल. आपण ते सगळं सोडून आलो, पण त्यातली एक गोष्ट तशीच अर्धी राहिली, असं तिला फार वाटलं.

एप्रिलमध्ये डर्क ऑफिसात आला. "समिती राहू दे," तो म्हणाला. "आपल्या जिल्ह्यापुरती नोंद ठेवायला कुणाची परवानगी लागते?" पॉलिनने दुकानातून एक जाड वही आणली आणि रकाने आखले: शेत, मालक, कसणारा, पीक. पहिल्या आठवड्यात अकरा जण आले. मालकाची सही मिळवायला काहींना पाचपाच खेपा घालाव्या लागल्या, काहींना ती मिळालीच नाही.

महिनाअखेरीस एक दिवस गॉर्डन तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात टोपी होती.

"माझी नदीकाठची साठ एकर मीही कसायला दिलीय," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली. टेरी बोल्टन. सोयाबीन." मग म्हणाले, "तुमचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मला अजून भीती वाटते."

"मग आलात कशाला?"

"बायको म्हणाली, टेरीचं स्पेलिंग तरी तुला येतं का ते बघ," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर मोकळे हसले. पॉलिनने नाव लिहिलं. त्यांनी सही केली.

दोन वर्षांनी डर्कच्या पाचांपैकी दोन शेतांवर रस्त्याची नोटीस आलीच. सुनावणीला तो ती वही घेऊन गेला, आणि पॉलिन सोबत गेली. फार मिळालं नाही. उभ्या मक्याचं मिळालं, पाइपांचं थोडं मिळालं, बुडालेल्या हंगामाचं नाही. बाहेर आल्यावर डर्क गाडीला टेकून उभा राहिला. तिला वाटलं, तो निराश झाला असेल.

"बहात्तर साली मी वडिलांबरोबर अशाच सुनावणीला गेलो होतो," तो म्हणाला. "ट्रॅक्टर मी चालवायचो, गाईंच्या धारा मी काढायचो, पण मला बाहेर बाकावर बसवलं. आज सुनावणी घेणाऱ्या त्या बाईने माझं नाव पुकारलं. बरोबर उच्चारलंसुद्धा."

"बरोबर उच्चारलं?" पॉलिन म्हणाली. "मला तर दोन वर्षं लागली."

डर्क मोठ्याने हसला. उरलेल्या तीन शेतांतला मका काढायचा होता आणि आकाश भरून आलं होतं. तो घाईने गाडीत बसला. पॉलिन त्याच्या मागोमाग आपली गाडी काढून ऑफिसकडे वळली. वाटेत मक्याची शेतं सुरू झाली, तसा तिने रस्त्याच्या कडेला थांबून फ्रँकलिनला पुन्हा फोन लावला.