आग्नेलचा बाजार

२००५ साल. वसई रोडच्या एका छोट्या ऑफिसात परदेशी कंपनीसाठी व्हिडिओ गेम बनत होता, जुन्या आणि नव्या अशा दोन कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या मशीनवर, चालणारा. असा गेम आधी एका मुख्य मशीनवर बांधतात, मग दुसऱ्यावर उतरवतात. कमकुवत, म्हणजे जुनं मशीन मुख्य धरलं की तिथे चाललेलं दांडग्यावर विनातक्रार चालतं. शाळकरी पोरालाही पटेल अशी गोष्ट, पण मालक श्रीरंगसरांना नव्या मशीनची भुरळ पडली. त्यांनी तेच मुख्य धरलं. आणि प्रोग्रामर रोझलिनने, जिला सगळं कळत होतं, मान डोलावली. भर मीटिंगमध्ये वाईटपणा कोण घेणार?

वर धाकट्या भावाला, आग्नेलला, म्हणाली, "मेमरी भरपूर आहे, हात मोकळा सोड." आग्नेल पूर्वी जवळच्या उमेळे गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, धंदा बसला, तेव्हा तिनेच त्याला कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकवून इथे चिकटवलं होतं. त्याने आठ महिने खपून गेममधला बाजार काढला. सत्तर माणसं, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकणारी बाई तर थेट त्यांची इनेझ आत्या.

शेवटच्या महिन्यात गेम जुन्या कन्सोलवर चढवला. बाजारात शिरलं की मशीन धापा टाकायचं आणि बंद पडायचं. रोझलिनने रंग कमी केले, माणसं निम्मी केली, मग दहावर आणली. तरी चालेना. अख्खी बांधणीच दांडग्या मशीनच्या मापाची होती, ती नव्याने करायला वेळ नव्हता. तिने जुन्यातून बाजार काढून टाकला. निदान नव्यात तरी राहील, अशी स्वतःची समजूत घातली.

दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला. दोन्हीकडे सारखाच गेम हवा, एकात जास्त नि एकात कमी चालणार नाही. बाजार नव्यातूनही गेला.

ती आग्नेलला सांगायला गेली. सरांवर ढकलून सुटता आलं असतं. पण तिने सगळं सांगितलं, मान डोलावल्याचंही. त्याने चार शिव्या घालाव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं.

त्याने स्क्रीनवरचा बाजार बंद केला.

"तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला तरी सांगायचं होतंस. जुन्या मशीनच्या मापाने दहाच माणसं काढली असती मी. चांगली काढली असती."