कोपरावरचं घर

वळणाच्या जिन्यातून लोखंडी कपाट वर न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना आमचं बंदर समजावून सांगायला नको. वरचा ओरडतो "डावीकडे घे", खालचा विचारतो "कुणाच्या डावीकडे?", आणि तेवढ्यात भिंतीचा पोपडा जातो. आमच्याकडे कपाट म्हणजे जहाज आणि भिंत म्हणजे खडक, एवढाच फरक.

दोन डोंगरांमधून आत येणारी पाण्याची अरुंद वाट, तिला मधोमध वळण, आणि वळणावर पुढे आलेला खडक. त्याला सगळं बेट कोपर म्हणतं. त्या कोपरावर एकच घर, माझ्या ताईचं.

दाजी बंदराचे पायलट. विमानाचे नव्हे. लग्नात मी अर्ध्या पाहुण्यांना विमानाचेच सांगितलं होतं, आणि एक मामी अजून फुकट तिकिटाची वाट बघतेय. दाजींचं काम म्हणजे येणाऱ्या जहाजावर दोरीच्या शिडीने चढायचं आणि कॅप्टनशेजारी उभं राहून ते वाटेतून धक्क्याला आणून लावायचं. त्यांना जहाजापर्यंत सोडणारी छोटी बोट माझी.

जहाज वळवायचं कधी, याची दाजींची स्वतःची एक खूण होती. ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर समोर आली की हुकूम द्यायचा. म्हणून ताई त्या खिडकीत काही वाळत घालायची नाही. मी एकदा दाजींची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी टांगली तिथे. जहाज झकास वळलं, दाजी मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग पर्यटकांचं ते अजस्र जहाज यायचं ठरलं. बंदरावरच्या सगळ्या इमारती एकावर एक रचल्या तरी त्याच्या गच्चीला हात पोचणार नाही, असलं धूड. बेटावर आनंदीआनंद. न्हाव्याने दुकानाला रंग काढला, माझ्या बायकोने टोप्या विणायला घेतल्या. प्रश्न एवढाच होता की ते वळणातून येईल का. बंदरप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं, "जहाज येणार हे नक्की. आहे त्या वाटेने येत असेल तर उत्तम. नसेल तर कोपर फोडून वाट सरळ करू."

कोपर फोडायचं म्हणजे ताईचं घर जाणार. आणि वाट पुरते की नाही हे सांगायचं होतं दाजींनी.

चाचणीसाठी जहाज रिकामंच आलं. सकाळची वेळ, आडवा वारा. दाजी वर, मी बोटीतून मागे. एवढं उंच जहाज म्हणजे शीडच. हळू नेलं तर वारा ढकलतो, जोरात नेलं तर वळत नाही. पुढचं टोक सुरेख वळलं, आणि शेपूट सुटलं. ते कोपराकडे सरकत गेलं, सरकतच गेलं. जहाजं ओढणाऱ्या दोन टगबोटी जिवाच्या आकांताने ओढत होत्या. माझ्या तोंडून आजवर न ऐकलेल्या शिव्या बाहेर पडल्या. मग ते थांबलं, आणि हळूहळू मागे आलं.

आमच्या बंदराची पद्धत अशी की नवं जहाज आत आलं की मागच्या बोटवाल्याला विचारायचं, शेपटाला जागा किती राहिली. यंत्रं असतात, पण लाट ओसरल्यावर उघडा पडणारा खडक डोळ्यांनाच दिसतो.

दुपारी ताई धक्क्यावर माझ्या बोटीत येऊन बसली. डबा आणला होता, तो उघडलाच नाही.

"माकडा, किती राहिलं होतं?"

"काही नाही गं, तुझ्या भिंतीला पाठ खाजवून गेलं असतं. मग चहालाच बसवायचं."

ती हसली नाही. "जन्मभर थापा मारत आलास. त्या नव्या कारकुनाला भरतीची किल्ली आणायला गोदामात पाठवलंस. एक थाप माझ्यासाठी मार. पुष्कळ जागा होती म्हण."

"दाजींना सांग ना."

"त्यांना नाही सांगणार. वरून त्यांना नीट दिसलं नाहीये. तू म्हणालास तर मानतील."

"आणि उद्या लागलं म्हणजे? वर हजारो माणसं असतील, ताई. दाजी असतील. आणि पहिली भिंत तुझी."

"ते असतात म्हणूनच लागायचं नाही."

"ते कायम असणारेत का?"

तिने डबा मांडीवरून खाली ठेवला. म्हणाली, "तिथे मातीचा कण नव्हता रे. पोत्यांनी नेली आपण."

नेली होती खरी. याच बोटीतून. लोक म्हणायचे, खडकाला माती चढवतेय, वेडी आहे. आता तिथे लिंबाचं झाड होतं.

"दुसरं घर देणारेत," मी म्हणालो.

"घर देतील," ती म्हणाली आणि डबा तसाच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी बंदरप्रमुखांच्या खोलीत आम्ही सगळे होतो. जहाजाचा कॅप्टन म्हणाला, "घट्ट होतं, पण जमेल." दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर ताई बसलेली.

"बोटीतून काय दिसलं?" बंदरप्रमुखांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. थापा मला शोधाव्या लागत नाहीत, शिंकेसारख्या येतात. एक आलीसुद्धा, चांगली, पचण्यासारखी. तेवढ्यात दाजींकडे लक्ष गेलं. हा माणूस माझ्या एका शब्दावर कधी विश्वास ठेवत नाही. आज तो ठेवायला तयार होऊन बसला होता. पुष्कळ होती म्हण, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. मी म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं, आणि मग दर खेपेला ते धूड घेऊन तो त्या खडकाजवळून गेला असता.

"माझी बोट मधे मावली नसती," मी म्हणालो.

दाजींनी मान खाली घातली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग कोपर काढावं लागेल," ते म्हणाले. हे त्यांनाच बोलावं लागलं.

ताई उठली. पिशवी खांद्याला लावली आणि आमच्या कुणाकडे न बघता जिना उतरून गेली.

घर रिकामं करायला मी गेलो होतो. भांडी उतरवली, कपाट उतरवलं. ताई कामगारांना पाणी देत होती, "पायरी ओली आहे, सांभाळा" सांगत होती. झाड तिने उपटू दिलं नाही. आता नेऊन लावायचं कुठे, म्हणाली. सुरुंग लागले तेव्हा दगडांबरोबर मातीही पाण्यात गेली. वाट काही दिवस गढूळ दिसत होती, मग निवळली.

आता जहाज सरळ येतं. वर माणसं हात हलवत असतात, मीही हलवतो. दाजी अजून शिडी चढतात, पण उतरल्यावर सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं.

ताई बाजारामागे तिसऱ्या मजल्यावर राहते. मी जातो. ती दार उघडते, "बसा" म्हणते. बायकोची चौकशी करते, टोप्या खपतात का विचारते. मी एखादा किस्सा सांगतो, त्यावर ती हसते, जिथे हसायचं असतं तिथे. मग ट्रेमधून चहा येतो, बशीसकट, बाजूला बिस्किटं मांडलेली. आधी मी पातेल्यातूनच ओतून घ्यायचो आणि ती उलथनं घेऊन अंगावर यायची.

मी एक बिस्किट घेतो.

"अजून घ्या ना," ताई म्हणते.