न आलेला खोकला

अर्धांगवायूचा झटका येऊन शिंपीकाकांना सव्वा महिना झाला होता. हात सुधारला, जीभ वळू लागली, घसा तेवढा रुसून बसला. दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, पाणी असो की चहा, पावडर घालून दाट केल्याशिवाय द्यायचा नाही.

"ही खळ पाजण्यापेक्षा विष दे," काका कुरकुरले. नवऱ्याचं पडलेलं तोंड काकूंना बघवेना. रोज सकाळी सून उठायच्या आत त्या त्यांना अर्धा कप साधा चहा देऊ लागल्या. पहिल्या दिवशी जीव मुठीत धरून बसल्या. खोकला आला नाही. ठसका नाही म्हणजे धोका नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग काकांना दोनदा ताप येऊन गेला. कशाचा, ते कुणाला कळेना.

आज दवाखान्यात गिळण्याची एक्स-रे तपासणी होती. काकांनी औषधाचा पातळ घोट घेतला आणि काचेपलीकडच्या पडद्यावर त्याची काळी रेघ घशातून सरळ श्वासनळीत उतरली. काका शांत बसून होते. साधं खाकरलेही नाहीत.

"घशाला पत्ताच लागत नाही," बाई म्हणाल्या. "खोकल्यापेक्षा हे वाईट. छातीत साचतं, न्यूमोनिया होतो. घरी पातळ काही देत नाही ना, काकू?"

काकूंना ते दोन ताप आठवले. नाही म्हणणं किती सोपं होतं! "देते," त्या म्हणाल्या. "रोज चहा देते. मीच मारत होते हो यांना!"

"हट्ट माझा होता," काका पुटपुटले.

बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे काकूंना जास्तच रडू आलं. "सुईत दोरा ओवताना मान खाली घालता ना, काका? तशी घाला आणि गिळा." काकांनी हनुवटी छातीकडे नेली. या खेपेला रेघ बरीचशी योग्य वाटेने गेली. "दाट पेय, ही मान आणि रोजचे व्यायाम. साधा चहा बंद."

पुढचे तीन आठवडे काकू प्रत्येक चमच्याला धास्तावत होत्या. आता त्यांना शांततेचीच भीती वाटे.

पुन्हा तपासणीला गेल्यावर बाईंनी काकांना चमचाभर साधं पाणी दिलं. काकांचा चेहरा लाल झाला आणि ते खणखणीत खोकले. काकू किंचाळून उठल्या.

"बसा, काकू," बाई हसत होत्या. "घसा जागा झालाय."

काका खोकतच राहिले. काकू त्यांची पाठ चोळत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "खोका हो, खोका."